अदलाबदलीचा आठवडा

मोठ्या बाई,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. सगळे तुमच्याबद्दल इतकं गोड बोलले की मला रागच आला. हेडमास्तर म्हणाले, "बाई म्हणजे शांतमूर्ती." सरपंच म्हणाले, बाईंनी जन्मात कुणाला उलट शब्द ऐकवला नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कुणाची गोष्ट चालली आहे? तुम्ही आणि शांतमूर्ती? माझ्याशी भांडताना तुमचा आवाज पार एसटीच्या थांब्यापर्यंत जायचा. मग मला बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, पण त्याहून जास्त असं झालं की तुमच्याबद्दल बोलायचं तर समोर तुम्ही हव्यात, मधेच हात वर करून "चूक बोलतेस" म्हणायला. म्हणून हे घरी येऊन लिहिते आहे. तुम्ही गेलात म्हणजे आपलं भांडण मिटलं, असं समजू नका.

मी साताऱ्याकडची. यजमानांना तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काम लागलं, म्हणून आम्ही बोईसरला भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केलं आणि मला तुमच्या शाळेत तात्पुरती नेमणूक मिळाली. एसटीतून उतरलं की माडांच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधून चालत यायचं. पुढे कोळीवाड्याशी वळलं की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावून शाळेच्या पायऱ्या चढले. तुम्ही दारात उभ्या होतात. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात घंटेची हातोडी. माझं नाव विचारायच्या आधी म्हणालात, "नवीन बाय, पदर सोडा. पोरांना वाटंल त्यांचाच वास येतो." मी पदर सोडला. आपली ओळख झाली ती अशी, आणि त्यानंतर मला तो वास कधी आलाच नाही.

तुम्ही शाळेत पुस्तकातलं बोलायचात, पण राग आला किंवा माया आली की वाडीतली बोली यायची. माझ्या वाट्याला राग आणि माया दोन्ही पुष्कळ आलं.

तेव्हाचे हेडमास्तर निवृत्त झाले होते आणि त्यांचं काम तुम्ही बघत होतात. पालघरच्या साहेबांची तपासणी झाली की तुम्हीच कायमच्या हेडबाई होणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. हेडचं काम अंगावर असूनही तुम्ही तिसरीचा वर्ग सोडला नव्हता, कारण औटकी तिसरीत शिकवतात. मला चौथी दिली होती. मधे फक्त बांबूचा तट्ट्या. तुमच्या बाजूनं रोज जेवणाच्या सुट्टीआधी सुरू व्हायचं, "एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा..." साडेतिनाचा पाढा, पण तुम्ही तो असा म्हणून घ्यायचात की कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन कुंपणाशी थांबायच्या. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, सगळ्यांच्या चाली वेगळ्या आणि औटकीची सगळ्यात अवघड. माझी चौथी त्या वेळी लिहायची थांबायची आणि ओठ हलवत बसायची. मला काही शिकवताच यायचं नाही.

आणि मी तर ट्रेनिंग कॉलेजातून ताजी ताजी आलेली. आणे गेले, शेर-पायली गेली, मीटर आणि किलो आले. आम्हाला शिकवलं होतं की मुलांच्या हाती वस्तू द्या, त्यांना मोजू द्या, दशांश त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या. मी एक मीटरची बांबूची काठी केली होती, दहा पट्टे, एक काव लावलेला, एक चुन्याचा. चौथीची मुलं त्या काठीनं ओटा मोजायची, फळा मोजायची, एकमेकांना मोजायची. मला त्या काठीचा फार अभिमान होता.

दुसरीचे राऊत गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नवीन आहात, गप्प राहा. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते बाईंच्या शब्दावर आहे." सल्ला चांगला होता. पण गप्प बसणं मला जमत असतं तर आज हे लिहायची पाळीच आली नसती. एका दुपारी चहाच्या वेळी मी सरळ म्हणाले, "बाई, ही औटकी आता बंद करायला हवी. मुलांना अर्थ कळत नाही, नुसता सूर कळतो."

राऊत गुरुजींचा कप बशीत वाजला. तुमचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, झालं, उद्यापासून बोईसरला खोलीत बसून भाकऱ्या थापायच्या. तुम्ही चहा पूर्ण प्यायलात, कप उलटा ठेवलात आणि म्हणालात, "सोमवारपासून माजा वर्ग तू घे. आठवडाभर औटकी म्हनून घे, पन मनापासून. अर्ध्या मनानं घेतलीस तर मला कळंल, मधी तट्ट्याच हाय. मी तुजी चौथी घेते, तुज्या काठीनं. मंग भांडू. चाखल्याबिगर खारट म्हनू नको."

राऊत गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "बाई, साहेब कधीही येतील. ते येऊन जाऊ द्या, मग करा की अदलाबदल."

"सोमवार म्हटलंय ना," तुम्ही म्हणालात आणि घंटा द्यायला उठलात.

तो आठवडा मला कालच झाल्यासारखा आठवतो. सोमवारी मी तिसरीत औटकी सुरू केली आणि पाचव्या ओळीलाच मुलं हसायला लागली. मंजुळा नावाची एक कोळ्याची मुलगी होती, ती उठून म्हणाली, "बाय, असा नाय. साडेसतराला सूर वर जातो." मग वर्गानं मला शिकवलं. माझा गळा हा असा, कढईत डाव घासल्यासारखा. तरी मी मनापासून म्हटलं, कारण तट्ट्याच्या पलीकडे तुमचे कान होते. दोन दिवसांत मला कळलं की मी सात औटे विचारायच्या आत मंजुळा साडेचोवीस म्हणते, माझा खडू अजून हवेतच असतो. मी थक्क झाले. आणि त्याच मुलीला मी दोरी देऊन साडेतीन हात मोजायला सांगितलं, तर तिनं चार हात मोजून दोरी माझ्याकडे दिली. म्हणजे मीही खोटी नव्हते. मला आनंद झाला आणि चीडही आली, कारण भांडण सोपं राहिलं नव्हतं.

पलीकडे तुमचं काय चाललं होतं? पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. चौथीची मुलं काठी घेऊन अंगणभर. मला वाटलं, बाई आता वैतागतील, दुपारपर्यंत पाढे सुरू करतील. नाही केलेत. शाळा सुटल्यावर तुम्ही ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसलात, काठी मांडीवर आडवी, आणि विचारलंत, "काठी संपली की पुढचा मीटर धरताना ती उचलायची की सरकवायची?" मी माझ्या आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. जिनं अर्ध्या गावाला अक्षरओळख करून दिली, ती बाई माझ्यासारख्या कालच्या पोरीला शंका विचारत होती, आणि तेही जिंकण्यासाठी नाही, खरंच शिकायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तुमच्या बोटांना काव लागलेली असायची.

आणि साहेब त्याच आठवड्यात आले.

आधी ते तिसरीत आले. मुलांनी औटकी म्हटली. मंजुळानं साडेसतराला सूर असा काही वर नेला की साहेबांनी मान हलवली. "अशी उजळणी हवी," ते मला म्हणाले. "नव्या शिक्षकांना हल्ली हे नकोच असतं." तेवढ्यात ते पलीकडे गेले. मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला आणि माझ्यामागे सगळी तिसरी येऊन उभी राहिली.

साहेबांनी एका मुलाला फळ्याशी बोलावलं. "सव्वातीन मीटर. दशांशात लिही." मुलानं न अडखळता लिहिलं, तीन दशांश चार. साहेब म्हणाले, "चार कुठून आले?" मुलगा म्हणाला, "पाव म्हंजे चवथा भाग. म्हनून चार."

सगळी चौथी तेच म्हणत होती, म्हणजे तेच शिकवलं गेलं होतं. साडेतीन मीटर मुलांनी बरोबर सांगितलं असतं, कारण अर्धी काठी पाचव्या पट्ट्याला संपते, डोळ्यांना दिसते. पण पाव तिसऱ्या पट्ट्याच्या मधोमध येतो, तिथं दिसण्यासारखं काही नाही, आणि तुम्ही जन्मभर तोंडात असलेल्या पावकीवर भरवसा ठेवलात. पाव, निम, पाऊण हे ज्याचं झोपेतही चुकणार नाही, त्याच्याच हातून ही चूक व्हावी.

"हे कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. तुम्ही पुढे झालात. "मी शिकवलं, साहेब. चूक माझी आहे."

मला राहवलं नाही. मी वळसा घालून चौथीच्या दारात गेले आणि म्हणाले, "साहेब, हा वर्ग माझा आहे. ही पद्धत माझी आहे, बाई फक्त..." तुम्ही माझ्याकडे वळलात. मुलांसमोर तुम्ही मला नेहमी अहो-जाहो करायचात. अगदी शांतपणे म्हणालात, "बाई, तुमचा वर्ग मोकळा पडलाय."

मी परत गेले. फटीतून जे पाहिलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. काल सभेतही तेच सांगायचं होतं. तुम्ही खडू साहेबांपुढे धरलात. म्हणालात, "मला नीट येत नाही, साहेब. तुम्ही दाखवा." आणि पदर खोचून मुलांच्या रांगेत बसकरावर बसलात. खाली. हेडबाई होऊ घातलेली बाई, आपल्या तपासणीच्या दिवशी, आपल्याच शाळेत, मांडी घालून. साहेब गोंधळले. त्यांना शिकवावंच लागलं. एका पट्ट्याचे पुन्हा दहा भाग, त्यातले पाच. तुम्ही हात वर करून एक शंकाही विचारलीत. मग उठलात, फळा पुसलात आणि त्यांच्यादेखत सगळ्या वर्गाला तीन दशांश पंचवीस शिकवलंत. शेवटी मुलांना म्हणालात, "सोमवारपासून मी तुम्हाला चुकीचं सांगत होते. आता हे धरा." माझ्या मागे तिसरी टाचा उंचावून उभी होती. मुलांनी शिक्षकाला शिकताना पाहिलं होतं. मी पण पहिल्यांदाच पाहत होते, आणि मी शिक्षक होते.

साहेबांचा शेरा काय आला, ते सगळ्यांना माहीत आहे. चौथीत मोजमापाचा प्रयोग चांगला, शिक्षिकेची तयारी अपुरी. पुढच्या महिन्यात तालुक्याहून नवे हेडमास्तर आले. आणि मला कायम करावं, अशी शिफारस तुम्ही त्याआधीच पाठवली होती.

त्या संध्याकाळी थांब्याकडे जाताना मी तुमच्याशी जेवढी भांडले तेवढी कधी नवऱ्याशीही भांडले नाही. का बोलू दिलं नाहीत मला? खरं ते खरं. वर्ग माझा, पद्धत माझी, साहेबांना कळायला नको? तुम्ही म्हणालात, "पद्धत तुजी, पन चूक माजी. पाव म्हंजे चार असं तुज्या काठीवर कुटं हाय? तू बोलली असतीस तर साहेबांनी काठीच बंद केली असती. तालुकाभर."

मी म्हणाले, "पण तुम्हाला तर काठी नकोच होती!"

"अजून नको हाय. पन ती माज्या चुकीपायी नको जायला. जाईल ती भांडून जाईल."

"आणि हेडबाई?"

"शाळा कुटं गेली? तितंच हाय ना?" एसटी आली होती. तुम्ही मला पाठीत हलकेच धक्का देऊन आत चढवलंत.

बाई, मी तेव्हा रडले होते, बोईसर येईपर्यंत. पण तुमचं म्हणणं मला पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. मला अजून वाटतं, मुलांना हेही कळायला हवं होतं की दोन बाईंनी वर्ग बदलले होते, पैज लावून, आणि चुकणं त्या पैजेतलं होतं. तुम्ही म्हणायचात, पोरांपुढे हे हिचं, ते माझं असं करायचं नाही, जो वर्गात उभा आहे त्याचंच सगळं. हा वाद आपण कधी संपवला नाही. तुमच्या वाडीत सुपाऱ्या सोलताना केला, पालघरला कचेरीच्या बाकावर केला, तुमच्या भावाच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत केला. तुमची वहिनी म्हणायची, "ह्या दोघी बोलत्यात की भांडत्यात, कायच कळत नाय."

पुढच्या वर्षी तालुक्याच्या शिक्षकांच्या सभेत मला त्या काठीवर बोलायला बोलावलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. मला वाटलं, कौतुकानं आल्या. माझं बोलून झाल्यावर सगळ्यांत अवघड प्रश्न तुम्हीच विचारलात, तोही असा की मला उत्तर येईना. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला येत नाही, बघून सांगते." तुम्ही खाली बसलात आणि पदरानं तोंड पुसलंत. हसत होतात, मला दिसलं.

तुमच्या तिसरीत मग औटकीनंतर काठी येऊ लागली. माझ्या चौथीत शनिवारी औटकी. दोघींपैकी कुणीही हरलं असं कबूल केलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात आणि तिसरी माझ्याकडे आली, तेव्हा मी औटकी रोजचीच ठेवली. हे तुम्हाला मी मुद्दाम सांगितलं नाही, तुम्ही चढून बसला असता.

मागच्या आठवड्यात वाडीत तुम्हाला बघायला आले. तुम्ही पडवीत खाटेवर होतात, अगदी एवढ्याशा झालेल्या. मला बघून म्हणालात, "काय गं, अजून काय काय पटत नाय?" मी म्हणाले, "पुष्कळ." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "बरं हाय." मला आणखी काही सांगायचं होतं. पण वहिनी पेज घेऊन आल्या आणि एसटीची वेळ झाली. सांगायचं होतं ते हे, की ट्रेनिंग कॉलेजात मला सगळं शिकवलं, पण माणूस चुकताना किती मोठा दिसू शकतो, हे मला तुमच्या बसकरानं शिकवलं. मी तुमच्यावर फार प्रेम केलं, बाई. हे इतकं साधं वाक्य, पण आपल्या भांडणात त्याला कधी जागाच मिळाली नाही.

आता कालची गोष्ट. सभा संपताना तिसरीनं तुमच्यासाठी औटकी म्हटली. सगळे डोळे पुसत होते. नंतर चहा झाला. जूनमध्ये विमल नावाची नवी बाई आली आहे, नाशिककडची, हुशार. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आजच्या दिवशी बोलू नये, पण राहवत नाही. ही औटकी आता बंद करायला हवी. मुलांना अर्थ कळत नाही, नुसता सूर कळतो."

राऊत गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ते आता म्हातारे झालेत, पण हे वाक्य ते विसरलेले नाहीत. माझे कान तापले. तुमच्या शोकसभेत, तुमच्या औटकीचे सूर अजून हवेत असताना! मला ओरडायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी चहा पूर्ण प्यायले. कप उलटा ठेवला.

"सोमवारपासून माझा वर्ग तू घे," मी म्हणाले. "औटकी म्हणून घे, पण मनापासून. मी तुझी चौथी घेते, तू शिकवतेस तशी."

राऊत गुरुजी म्हणाले, "अहो, ह्या आठवड्यात पालघरहून साहेब येतायत."

"सोमवार म्हटलंय ना," मी म्हणाले.

विमल चौथीला काय नवं शिकवते, ते तिनं मला काल ओट्यावर बसून समजावलं. मला अर्धं कळलं नाही, बाई. सोमवारी मी चुकणार, हे नक्की आहे. साहेब फळ्याशी उभे असतील आणि मुलं माझ्याकडे बघत असतील. तेव्हा मला खाली बसता येईल का, हे मला अजून माहीत नाही.